बालक हाही गुरूच



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. कुणी देवगडला जातं, कुणी नगरच्या वेदांतनगरात दर्शन घेतं. मीही बँकेतून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी पारायण करतो. यंदा मात्र पोथीसमोर बसण्याआधी एक कबुली द्यावीशी वाटली. देवापुढे दिलीच आहे, आता तुमच्यापुढे देतो.

माझा नातू सहावीत आहे. शाळा सुरू झाल्यावर त्याचा एक नवा मित्र संध्याकाळी आमच्याकडे बुद्धिबळ खेळायला येऊ लागला. पहिल्या दिवशी मी सवयीनं विचारलं, "नाव काय बाळा?" त्यानं सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. मी "बरं बरं" म्हणालो आणि पेपरात डोकं घातलं. थोड्या वेळानं त्यानं पाणी मागितलं, तेव्हा मी नातवाला म्हणालो, "तू आण रे, त्याला इथं बाहेरच दे."

झालं एवढंच. वाईट शब्द नाही, आवाज चढवला नाही. पण पोराचं येणं बंद झालं. आठेक दिवसांनी मी सहज चौकशी केली, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, तो आता नाही येणार. बाकीचे सगळे आत जाऊन माठातून पाणी घेतात. त्याला तुम्ही आडनाव विचारलंत आणि मग पाणी बाहेर दिलंत."

मी म्हणालो, "तसं काही नसतं रे."

तो म्हणाला, "मग कसं असतं?"

मंडळी, छत्तीस वर्षं काउंटरवर बसलो. कसल्याही प्रश्नाला उत्तर तयार असायचं. या प्रश्नाला नव्हतं. बँकेच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना असतो, कारण खातं कुणाचं ते कळावं लागतं. घराच्या उंबऱ्यावर हा रकाना कुणी छापला? मीच.

आपले दत्तगुरू अवधूत. यदुराजानं विचारल्यावर अवधूतानं आपले चोवीस गुरू सांगितले, ते भागवताच्या अकराव्या स्कंधात आहेत. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, मधमाशी आहे, अजगर आहे. पिंगला नावाची वेश्याही आहे. ज्याच्याकडून शिकायचं, त्याचं कूळ अवधूतानं विचारलं नाही. आणि त्याच यादीत एक बालकही आहे. आजवर ही यादी मी पाठ म्हणत होतो. यंदा त्यातला एक गुरू माझ्याच ओसरीवर पट मांडून बसलेला दिसला.

एकनाथ महाराजांच्या चरित्रात सांगतात, की दत्तप्रभू मलंग फकिराच्या वेषात कुत्रं बरोबर घेऊन आले, तेव्हा जनार्दनस्वामींनी त्यांना ओळखलं, पण नाथांना पहिल्या भेटीत ओळख पटली नाही. नाथांसारखे नाथ जिथं वेष पाहून थबकले, तिथं तुमची-आमची काय कथा? पण नाथ थबकलेले राहिले नाहीत. पुढे गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्य मानलेलं लेकरू त्यांनीच उचलून कडेवर घेतलं. थबकणं माणसाच्या हातून होतं. तिथंच थांबून राहणं हा दोष.

आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. नेवाशाला पैस खांबाला टेकून शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती सांगणारे कोण? संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांतले एक. मुंज नाही, मान नाही, पैठणला जाऊन शुद्धिपत्र मागावं लागलं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि डोळे पुसतो. पण त्या पोरांना दारातून परत पाठवणारे कोण होते? तुमच्या-माझ्यासारखेच, पोथी वाचणारे, चारचौघांत प्रतिष्ठित गृहस्थ. हे आपण कीर्तनात ऐकतो आणि विसरतो.

ताटीच्या अभंगांची कथाही आठवा. लोकांनी दुखावलेले ज्ञानदेव दार लावून आत बसले, तेव्हा धाकटी मुक्ताई ताटीबाहेर उभी राहून त्यांना हाका मारत राहिली. अपमान झालेलं मूल असंच करतं. भांडत नाही, रडतही नाही, आपलं दार लावून घेतं. शाळेत जायला कुरकुर करतं, एखाद्या घरी जाणं सोडतं. अशा वेळी कुणीतरी ताटीशी जावं लागतं.

म्हणून मी गेलो. नातवाला बरोबर घेतलं. त्या मुलाची आजी घरी होती. मी म्हणालो, "माझ्याकडून चूक झाली. पोराला बाहेर पाणी दिलं. माफी मागायला आलोय." माउली काही बोलली नाही. आत गेली, पुन्हा दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "चहा... घ्याल ना?" मंडळी, माझा अपराध मला त्या प्रश्नात कळला. आपल्याकडे पाहुण्याला चहा घ्याल ना असं भीत भीत कुणी विचारत नाही, सरळ कप पुढे करतो. त्या माउलीला विचारावं लागलं. मी चहा घेतला, पण तो गोड लागला असं म्हणणार नाही.

आता आपल्या नातवंडांचं. त्यांना काय सांगावं? मला सुचलं ते सांगतो.

पहिलं, "तसं काही नसतं" असं म्हणू नका. मूल पाहतं ते खरं असतं. जात, धर्म, रंग, गरिबी, अंगातलं व्यंग यावरून माणसं माणसाला दूर बसवतात, ते चूक आहे आणि आपल्या राज्यघटनेनं १७ व्या कलमात अस्पृश्यता बंद केली आहे, हे सोप्या शब्दांत सांगा.

दुसरं, आपल्याच मुलाला कुणी हिणवलं तर "लक्ष देऊ नकोस" म्हणून विषय मिटवू नका. "तुझं काही चुकलेलं नाही" हे आधी सांगा. मग शाळेत गुरुजींकडे, मुख्याध्यापकांकडे स्वतः जा. पोराला एकट्याला लढायला पाठवू नका.

तिसरं, दुसऱ्याला कुणी दूर बसवलं तर काय करायचं, ते शिकवा. मारामारी नको. डबा उचलायचा, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "हा माझ्याबरोबर आहे." एवढं म्हणायलाही धैर्य लागतं. ते पोरात कुठून येणार? घरात पाहिलेलं असेल तरच.

हे किरकोळ आहे, असं कुणी म्हणेल. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ साली सतरा वर्षांच्या शाळकरी दलित मुलाचा खून झाला. आपण पेपर वाचला, हळहळलो, घडी करून ठेवला. ती आग कुणा एका दिवसात पेटत नाही. आडनाव विचारून चेहरा बदलणाऱ्या ओसऱ्यांवर तिची ठिणगी वर्षानुवर्षं जपली जाते. माझी ओसरी त्यातली एक होती.

तो मुलगा पुन्हा यायला लागला आहे. पहिले काही दिवस तहान नाही म्हणायचा. मी आग्रह केला नाही. मागच्या आठवड्यात डाव रंगात असताना उठला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत माठाकडे गेला. मी पेपरातून मान वर केली नाही, मुद्दामच.

यंदा सप्ताहाच्या समाप्तीला त्याला आणि त्याच्या आजीला प्रसादाला बोलावलं आहे. पंगतीत माझ्या शेजारी पाट मांडायला सांगितलं आहे. तुमच्याही दारावरून कुणी एखादं लेकरू परत गेलं असेल, तर आठवून पाहा. पौर्णिमेच्या आत त्याच्या ताटीशी जाऊन या. आपल्या पालखीत दत्तप्रभूंना तेव्हाच बसावंसं वाटेल.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.