नाही म्हणायची मजुरी

आमच्या गावात वेल्डिंगचं एकच दुकान. नांगराचा फाळ असो की ट्रॉलीचा फाळका, सगळ्यांचं दुखणं तिथंच जातं. मिस्त्री माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला आबा म्हणतो. त्यानं एकदा मला तोंडावर 'नाही' म्हटलं, त्याची ही गोष्ट.

सोयाबीन काढून गंज लावली अन् दसऱ्याचा पाऊस आला. काड ओलसर झालं. मळणीयंत्राच्या तोंडात सारलं की अडकून बसायचं. माल आत सारायला पत्र्याचं लांबट तोंड असतं अन् आतल्या निम्म्या भागावर झाकण. त्या झाकणामुळंच खोळंबा होतोय, असं माझ्या डोक्यात बसलं. आभाळ पुन्हा भरून येत होतं. सात मजूर बसून होते. ट्रॅक्टर भाड्याचा. यंत्र दुकानापुढं आणून उभं केलं अन् म्हटलं, "हे झाकण काप. तोंडही जरा आखूड कर."

तो म्हणाला, "आबा, ते उगं नाही बसवलेलं. हात दात्यांपर्यंत पोचू नये म्हणून आहे."

"यंत्र माझं, पैसे माझे. काही झालं तर जबाबदारी माझी. लिहून देतो."

त्यानं होल्डर खाली ठेवला. "जबाबदारी तुमची, पण हात कुणाचा, आबा?"

मग म्हणाला, "एक दिवस गंज मोडून ऊन दाखवा. थोडं थोडं सारा. मी स्वतः येऊन बघतो. पण कापणार नाही."

मला राग आला. तसाच बाजारच्या गावाला गेलो. तिथल्या मिस्त्रीनं काही विचारलं नाही. ग्राइंडर लावला, पाव तासात झाकण खाली.

अन् खरं सांगतो, दोन दिवस मळणी झपाट्यानं झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पारावर बसून मी आमच्या मिस्त्रीची टिंगल केली. माझं बघून आणखी दोघा-तिघांनी आपापली यंत्रं कापून आणली.

तिसऱ्या दिवशी माल सारणाऱ्या बाईचं लेकरू तापलं, ती आली नाही. मी म्हटलं, मीच सारतो. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. 'अगं आई' म्हणेपर्यंत नऊ फेरे होऊन जातात. काडाचा पुंजका हातात धरला. आतून ओढ बसली तसा हातही त्याच्यामागं चालला. मी झटक्यानं मागं घेतला. काही झालं नाही, पण छाती धडधडत राहिली. दोन दिवस ती बाई इथं उभी होती. हातात बांगड्या, खांद्यावर पदर. तिला कुणी विचारलं होतं? ती काय लिहून देणार होती?

तेव्हा मिस्त्रीचा सवाल मला कळला. माझं नुकसान मी अंगावर घेऊ शकतो. दुसऱ्याचा हात माझ्या नावावर कसा घेऊ? पैसे भरून देता येतात, बोट देता येत नाही.

लोक म्हणतात, एकानं नाही केलं तर दुसरा करतोच, मग नाही म्हणून काय साधलं? माझ्या बाबतीत दुसऱ्यानं केलंच की. पण पहिल्यानं कारण सांगून नाही म्हटलं होतं. ते कारण काट्यासारखं आत राहिलं. ते नसतं, तर घाबरून मी नुसता बाजूला झालो असतो अन् दुसऱ्या दिवशी त्याच बाईला तिथं उभं केलं असतं.

१९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. तो खास शेतीतल्या, खेड्यातल्या यंत्रांसाठीच आहे, हे मला फार उशिरा कळलं. पण कायदा काही दुकानापुढं उभा नसतो. तिथं मिस्त्री असतो, समोर घाईला आलेला मालक असतो. दोघांपैकी ज्याला धोका कळतो, त्याच्यावर ओझं जास्त. मात्र बाजारच्या मिस्त्रीलाही मी एकदम दोष देत नाही. त्याच्याही घरी चूल आहे. त्याचा हात कामाला लागला, पण ते काम मी मागितलं होतं.

त्याच संध्याकाळी झाकणाचा तुकडा घेऊन मी आमच्या मिस्त्रीकडं गेलो. तो काही बोलला नाही. कडा साफ केल्या, झाकण जागेवर जोडलं. मजुरी सांगितली. मी वर दोनशे ठेवले. "हे कशाचे?"

"त्या दिवशीच्या नाहीचे."

त्यानं गुपचूप खिशात घातले. मग म्हणाला, "आबा, या हंगामात पाच जण परत गेले माझ्याकडून."

घरी येताना मनात तेच घोळत होतं. केलेल्या कामाचे पैसे आपण देतो. न केलेल्या कामानं ज्यांचे हात शाबूत राहिले, त्यांचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. मिस्त्रीनं नाही म्हणावं, हे खरंच. पण त्या नाहीपायी त्याची चूल विझू नये, एवढं तर गावानं बघावं.