गुरूची आज्ञा आणि विद्यार्थ्याचे मत

मार्च १९८९ मध्ये एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आणि महाविद्यालयाच्या बाकावर बसणारा बहुतेक प्रत्येक मुलगा-मुलगी देशाचा मतदार झाला. त्याच वर्षी मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. महाविद्यालयीन निवडणुकांतल्या हिंसाचाराची चर्चा राज्यभर पेटली आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका संपवल्या. मागच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्ग प्रतिनिधी होणार, खेळ, सांस्कृतिक विभाग, एनसीसी आणि एनएसएस यांचे प्रतिनिधी प्राचार्य नेमणार, आणि या मोजक्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, अशी ती व्यवस्था होती. तेव्हापासून पारनेर किंवा पाथर्डीहून नगरला शिकायला येणारा अठरा वर्षांचा मुलगा ग्रामपंचायतीचा आणि जिल्हा परिषदेचा सदस्य, आमदार आणि खासदार यांच्यासाठी मत देऊ शकतो, पण आपल्या महाविद्यालयाचा सचिव, म्हणजे जीएस, कोण असावा हे त्याला कोणी विचारत नाही. याकडे आपण प्रशासनाचा प्रश्न म्हणून पाहतो. माझ्या मते तो मुळात धर्माचा प्रश्न आहे. नेमणुकीच्या पद्धतीला आपल्याकडे जे मनापासूनचे समर्थन मिळते ते कायद्याच्या भाषेत येत नाही, परंपरेच्या भाषेत येते: विद्यार्थ्याचा धर्म गुरुसेवा आणि अध्ययन, सत्ता, पॅनल, प्रचार हे प्रपंचातल्या माणसाचे उद्योग, शिष्याने गुरूसमोर मत मांडायचे नसते, माथा टेकायचा असतो. हे म्हणणे प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही परंपरेतूनच दिले पाहिजे.

त्यासाठी नगर जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत निरूपण केले. ज्या खांबाला टेकून ते सांगितले असे मानतात तो पैस खांब आजही तिथे आहे. परंपरेने सांगितलेला जन्मशक धरला तर सांगणाऱ्याचे वय पंधराच्या आसपास होते, आजच्या हिशेबाने दहावीचा विद्यार्थी. समोर गुरू म्हणून थोरले बंधू निवृत्तिनाथ होते. त्या ग्रंथात गुरुभक्तीची जी उंची आहे तिच्या पलीकडे मराठीत कोणी गेलेले नाही. पण ही निष्ठा कोणाकडे गेली आणि कोणाकडे गेली नाही, हे नीट पाहावे. ती निवृत्तिनाथांकडे गेली. पैठणच्या ब्रह्मसभेकडे ती गेली नाही, आणि त्या काळातली ज्ञानाची संस्था तर पैठणची सभा होती. चारही भावंडे शुद्धिपत्रासाठी तिथे नम्रपणे गेली असे चरित्रे सांगतात. सभेचा मान त्यांनी मोडला नाही. मात्र गीता मराठीत आणावी की नाही, हे त्या सभेला विचारून ठरले नाही. गुरू वेगळा आणि गुरूच्या नावाने बसलेली संस्था वेगळी, हा भेद इतक्या कोवळ्या वयात इतका स्वच्छ पाळला गेल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. गीतेतही तेच आहे. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याच्या वाटा सांगताना नमस्कार आणि सेवा यांच्या जोडीला प्रश्न विचारणेही सांगितले आहे, आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे सगळे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की यावर पुरता विचार कर आणि मग तुला हवे ते कर. निर्णय शिष्याच्या हाती ठेवूनच गुरूने उपदेश संपवला.

यावर कोणी म्हणेल की ही एकट्या साधकाची गोष्ट झाली. समूहाच्या कारभारात शिष्याला स्थान होते का? बौद्ध संघाच्या विनयात, म्हणजे नियमसंहितेत, याचे फार नेमके उत्तर मिळते. उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, घेतलेल्या नव्या भिक्खूने निदान पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहायचे, त्याची सेवा करायची, त्याच्याकडून शिकायचे, असा नियम आहे. ही शिस्त आपल्या कोणत्याही गुरुकुलापेक्षा सैल नव्हती. पण संघाचे काम चालते तेव्हा हाच नवा भिक्खू पुरा सभासद असतो. गणसंख्येत तो मोजला जातो, प्रस्ताव त्याच्यासमोरही मांडला जातो, त्याला आक्षेप घेता येतो, आणि मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या, वाटून मते मोजली जातात तेव्हा त्याच्या हातातली शलाका आचार्याच्या शलाकेइतकीच भरते. आणखी एक गोष्ट विनय सांगतो: उपाध्यायाच्या मनात चुकीची दृष्टी शिरली तर शिष्याने बोलून ती दूर करण्याचा प्रयत्न करावा. ते शिष्याचे कर्तव्य मानले आहे, उद्धटपणा नव्हे. श्रामणेराला, म्हणजे उपसंपदा न झालेल्या मुलाला, हा हक्क नव्हता, हेही सांगायला हवे. वयाची आणि तयारीची एक रेघ तिथेही होती. ती रेघ वीस वर्षांवर होती. आपली घटना ती अठरावर ओढते.

यातून माझा मुद्दा निघतो. भारतीय विचारात अधिकारभेद मानला आहे: कोणत्या गोष्टीला कोण पात्र, हे त्या गोष्टीच्या स्वरूपावरून ठरते. वेदान्त शिकायला लागणारी पात्रता वेगळी, यज्ञाला बसायची वेगळी. १९९४ च्या व्यवस्थेने दोन अधिकारांची गल्लत केली. परीक्षेतले गुण हा ज्ञानाच्या क्षेत्रातला अधिकार आहे. वर्गात पहिला आलेला मुलगा विषय समजून सांगायला पात्र असेल. प्रतिनिधी होण्याचा अधिकार मात्र ज्यांना निर्णय सोसावा लागतो त्यांच्या संमतीतून येतो. प्रवेशाच्या वेळी हातात पडणारी शुल्काची पावती एकदा सावकाश वाचावी. शिकवणी शुल्काखाली जिमखाना, ग्रंथालय, स्नेहसंमेलन, नियतकालिक, विद्यार्थी साहाय्य, ओळखपत्र अशा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीसमोर एक रक्कम असते. ती रक्कम शेवटच्या बाकावरचाही भरतो. प्रात्यक्षिक उशिरा संपल्यावर गावाकडची शेवटची एसटी चुकते ती पास काढून ये-जा करणाऱ्याची, वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या क्रमांकाची नव्हे. प्रात्यक्षिकाची वेळ कोणती असावी, जिमखान्याचा पैसा कुठे जावा, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असावे, यात गुरूच्या ज्ञानाला हात लागत नाही. उलट टोकाचे उदाहरणही आहे. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यात विद्यार्थ्यांचे संघच विद्यापीठ चालवत आणि तासाला उशिरा आलेल्या प्राध्यापकाला दंड करत. तिथे शिष्याने गुरूच्या क्षेत्रात पाय ठेवला, आणि ते मला मान्य नाही. काय शिकवावे आणि कोण उत्तीर्ण, हे बहुमताने ठरू नये. पण जे शिकवण्यात येत नाही तिथे संस्था गुरूचे वस्त्र पांघरून आज्ञापालन मागते, तेव्हा ते मागणे धर्माला धरून नसते.

नगर शहराला गुरूपुढे नम्र आणि कारभारात बरोबरीचे असण्याची कल्पना परकी असण्याचेही कारण नाही. १८३१ मध्ये इथे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल होती, म्हणजे चर्चचा कारभार वरून बिशप ठरवत नाही, सभासदांची सभा ठरवते आणि पाळकालाही तीच बोलावते. पाळकाच्या प्रवचनापुढे नम्र असणारी तीच माणसे हिशेबाच्या सभेत बरोबरीने बसतात. त्या परंपरेतल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज उभे केले.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप रक्ताचा आहे. एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देता येत नाही. निवडणुकीत पैसा, गुंडगिरी आणि बाहेरची माणसे शिरत होती हे खरे होते. प्रश्न एवढाच की त्यावर गुणांनुसार नेमणूक हे औषध होते का. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये याचा विचार केला. उमेदवाराचे वय, पंच्याहत्तर टक्के हजेरी, पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील भित्तीपत्रकांवर बंदी असे कडक नियम तिने सुचवले, आणि जिथे वातावरण निवडणुकीला पोषक नाही तिथे तात्पुरती नेमणूकही मान्य केली. पण त्याच समितीने बजावले की ही नेमणूक निव्वळ परीक्षेतल्या गुणांवर नसावी आणि ठरावीक मुदतीत निवडणुकीकडे वळावे. हिंसेचा सर्वाधिक विचार ज्यांनी केला त्यांनीच महाराष्ट्राच्या पद्धतीचा पाया नाकारला, हे इथे फारसे कोणी बोलत नाही. नेमणुकीच्या पद्धतीचा एक गुण मात्र मी मान्य करतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आलेली, चार लोकांत बोलायला बुजणारी हुशार मुलगी प्रचार करून कधीच निवडून आली नसती. गुणांमुळे तिला खुर्ची मिळाली. हा लाभ गमावू नये. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने मुलींसाठी एक आणि मागास प्रवर्गांसाठी फिरत्या क्रमाने एक जागा राखून त्याची अंशतः सोय केली आहे. ती पुरेशी आहे असे मला वाटत नाही, पण दिशा बरोबर आहे.

दुसरा आक्षेप महात्मा गांधींचा, म्हणून तो सहज बाजूला सारता येत नाही. रचनात्मक कार्यक्रमावरच्या आपल्या पुस्तिकेत त्यांनी विद्यार्थ्यांना पक्षीय राजकारणापासून दूर राहायला सांगितले, कारण विद्यार्थी हा शोधक आहे. मला हे पटते. सत्याचा शोध घेणाऱ्याने आधीच एका झेंड्याखाली जाऊन उभे राहणे म्हणजे शोध संपवणे. मात्र हेच गांधी १९२० मध्ये विद्यार्थ्यांना सरकारी महाविद्यालये सोडायला सांगत होते. विद्यार्थ्याला विवेक आहे आणि तो संस्थेविरुद्धही वापरता येतो, हे गृहीत धरूनच ते आवाहन होते. त्यांचा नकार पक्षाला होता, स्वयंशासनाला नव्हता. आणि पक्ष दूर ठेवण्याचे काम निवडणूकबंदीने केले का? आपल्या जिल्ह्यात साखर कारखाना, बँक, दूध संघ आणि शिक्षणसंस्था यांचे नेतृत्व बहुधा एकाच घरात किंवा एकाच गटात असते. या संस्थांनी खेड्यात शिक्षण नेले हे त्यांचे मोठे काम; १९५० मध्ये लोणीला सुरू झालेल्या सहकारी कारखान्याभोवती शाळा-महाविद्यालये उभी राहिली नसती तर दोन पिढ्या शेतात राहिल्या असत्या. पण म्हणून पक्ष संचालक मंडळात बसलेला चालतो आणि वर्गात आला की विटाळ होतो, हे तर्काला धरून नाही. उलट संस्थेपासून आणि पक्षापासून दोन्हीकडून स्वतंत्र असा विद्यार्थ्यांचा आवाज इथल्या मातीत उगवू शकतो. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात पक्षांच्या बाहेर उभ्या राहिलेल्या युवक क्रांती दलाचे संस्थापक डॉ. कुमार सप्तर्षी कर्जत तालुक्यातल्या राशीनचेच.

तिसरा आक्षेप ऐक्याचा. निवडणूक आली की भावकी, जात, तालुका यांचे गट पडतात, मग बिनविरोध निवड काय वाईट? हिवरे बाजारचे उदाहरण हटकून दिले जाते. १९८९ मध्ये पोपटराव पवार तिथे बिनविरोध सरपंच झाले आणि पुढे अनेक वर्षे गावाने मतदान टाळले. पण ते ऐक्य वरून नेमलेले नव्हते. ग्रामसभा सतत भरत होती. पाण्याचा ताळेबंद तिच्यासमोर मांडला जाई, कोणते पीक घ्यायचे आणि बोअरचे पाणी शेतीला वापरायचे नाही हे तिच्यासमोर ठरे. बिनविरोध निवडीमागे रोजची संमती होती. आणि जानेवारी २०२१ मध्ये काही गावकऱ्यांना लढवावेसे वाटले, तेव्हा तीन दशकांनी तिथे मतदान झाले. पवारांचे पॅनल निवडून आले आणि गाव मोडले नाही. एकमत हवे असेल तर आधी विरोध करण्याची मुभा हवी. ज्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची सभाच भरत नाही तिथल्या शांततेला ऐक्य म्हणता येणार नाही. विद्यार्थी तीन वर्षांचा पाहुणा, त्याला कसला कारभार, असेही म्हणतात. त्याचे उत्तर छोटे आहे: त्याच्या आयुष्यात ही तीन वर्षे पुन्हा येत नाहीत, आणि त्यांत झालेले नुकसान पुढच्या तुकडीला दिलेल्या सुधारणेने भरून निघत नाही.

२०१६ चा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याच्या नव्व्याण्णवाव्या कलमात विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, सचिव आणि वर्ग प्रतिनिधी मतदानाने निवडण्याची तरतूद आहे. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघाले. विधानसभेच्या निवडणुकांपायी ते पुढे ढकलले गेले, मग कोविड आला, आणि त्यानंतरची शैक्षणिक वर्षे परीक्षा, संमेलने, दीक्षान्त समारंभ सगळे पार पडूनही या मतदानाविना गेली. जिल्ह्यातल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की पुणे विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहत असतानाही एक गोष्ट त्यांच्या हातात आहे. प्रवेश पूर्ण झाले की सर्व विद्यार्थ्यांची सभा बोलवावी, पावतीवरच्या प्रत्येक रकमेचा मागच्या वर्षीचा हिशेब तिच्यासमोर वाचावा, आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.