सलाफहादाच्या कन्या आणि आमच्या कन्या



मार्च महिना आला म्हणजे आमच्या मंडळ्यांतून स्त्रियांचा गौरव होतो. पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाची उपासना होते, 8 तारखेस महिला दिन होतो, वेदीजवळ भगिनींस बसवून त्यांस शाल व पुष्पे दिली जातात. ही रीत चांगली आहे. तथापि तिच्यातून एक प्रश्न उद्भवतो, आणि आज तो आपणांपुढे ठेवावा अशी इच्छा आहे. ज्या स्त्रियांनी मोठी कार्ये केली त्यांची स्तुती केल्याने आमच्या घरातील कन्यांविषयीचे आमचे कर्तव्य पुरे होते काय?

गणना या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच कन्यांचा वृत्तांत आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या त्यांच्या नावांची शास्त्राने नोंद ठेविली आहे. त्यांचा पिता रानात मरण पावला. त्यास पुत्र नव्हता. भूमीची वाटणी होणार, आणि पुत्र नाही म्हणून पित्याचे नाव कुळातून पुसले जाणार, हे पाहून त्या दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला वाटा मागितला. मोशेने त्यांस दटाविले नाही, अथवा पूर्वापार चालत आलेल्या रीतीचा आधार घेऊन त्यांस परत पाठविले नाही. त्याने त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे, असा परमेश्वराने निवाडा दिला. येथे देवाने त्या कन्यांचे कौतुक करून त्यांस रिकाम्या हाती पाठविले नाही. त्याने त्यांस भूमी दिली.

कोणी म्हणेल, त्यांस भाऊ नव्हते म्हणून वाटा मिळाला. भाऊ असते तर काय? अशा बंधूने ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचावा. संकटांतून सोडविल्यावर ईयोबास सात पुत्र व तीन कन्या झाल्या. शास्त्रात तेथे पुत्रांची नावे नाहीत, कन्यांची आहेत; आणि त्यांच्या पित्याने त्यांस त्यांच्या भावांबरोबर वतन दिले असे लिहिले आहे.

आता आमच्या देशाकडे पाहू. पंडिता रमाबाईंचे नाव ज्या मंडळीस ठाऊक नाही अशी मराठी मंडळी विरळा. त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडले, 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांस आश्रय दिला, केडगाव येथे मुक्ती सदन उभारिले, आणि आयुष्याची शेवटची अनेक वर्षे पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात वेचली. 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या. 1924 साली ते संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले. ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले, आणि एके काळी उपाशी व अनाथ असलेल्या मुलींच्या हातांनी त्याचे खिळे जुळविले.

परंतु या वृक्षाचे मूळ कोठे होते? रमाबाईंचे पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पंडितांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने आपल्या कन्येस शिकविले. एका पुरुषाने आपल्या घरात एक दार उघडले, त्यातून ही सारी कृपा बाहेर आली. तसेच 1855 साली मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ती पुण्यास फुले दांपत्याने चालविलेल्या शाळेतील विद्यार्थिनी होती. थोड्या वर्षांच्या शिक्षणाने तिला वाणी फुटली. तिच्या गल्लीत तशाच बुद्धीच्या किती मुली असतील, ज्यांस पाटी मिळाली नाही म्हणून त्यांचा एकही शब्द आम्हांपर्यंत आला नाही! देवाने दाने थोडी दिली असे नाही. आम्ही दारे थोडी उघडली.

येथवर लिहून मला थांबता आले असते. परंतु ज्याने इतरांस उपदेश करावा त्याने आपले घर झाकून ठेवू नये, म्हणून पुढील गोष्ट लिहितो.

माझी आक्का माझ्याहून दोन वर्षांनी वडील. गावच्या शाळेत सातवीपर्यंत ती माझ्यापुढे होती. मला हिशेब तीच समजावून सांगत असे. पुढील शाळा तालुक्याच्या गावी, आणि घरात पैसा एकाच्याच शिक्षणापुरता. कोणास पाठवावे हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नाही. मी गेलो, ती खुरपे घेऊन शेतात गेली. पुढे मी धर्मशिक्षण घेऊन पाळक झालो. वडील वारल्यावर चार एकर जमिनीचा विषय निघाला. मी आक्कास कचेरीत नेले, आणि तिने हक्कसोडपत्र करून दिले. न दिल्यास माहेरची वाट बंद होईल हे भय तिच्या मनात होते, आणि ते मला ठाऊक असूनही मी गप्प राहिलो. सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरांनी तिने आपल्या वाट्यावर पाणी सोडले.

काही वर्षांनी एका मार्च महिन्यात मी रमाबाईंच्या चरित्रावर उपदेश केला. आक्का त्या दिवशी उपासनेस आली होती. सायंकाळी चुलीपाशी बसून ती एवढेच म्हणाली, “भाऊ, रमाबाईच्या आईबापानं तिला शिकवलं, हे लई बरं केलं.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या महिन्यात मी बक्षीसपत्र करून दोन एकर तिच्या नावे केले. सातबाऱ्यावर आता तिचे नाव आहे. तिच्या कन्येच्या शिक्षणाचा भार मी उचलला आहे. हे औदार्य नव्हे, जुने देणे आहे. परंतु जक्कयाचा वृत्तांत वाचताना मी अडखळतो. ज्याचे घेतले त्यास त्याने चौपट परत करण्याचे ठरविले. जमीन परत करता येते. आक्काची शाळेची वर्षे मी चौपट काय, एकपटही कोठून देऊ? म्हणून लिहितो की मुलीची संधी ही वेळेवरच द्यावयाची वस्तू आहे. पेरणीचे दिवस निघून गेल्यावर उत्तम बियाणे आणूनही काय उपयोग?

आमच्या वडीलधाऱ्यांचे एक बोलणे आहे की, मुलगी हे परक्याचे धन. मी म्हणतो, हे अगदी खरे आहे. परंतु तो परका कोण हे आम्ही चुकलो. ती सासरचे धन नव्हे. ती देवाचे धन आहे, आणि काही वर्षांपुरती आमच्या हाती ठेव म्हणून दिली आहे. मत्तयाच्या 25व्या अध्यायातील तिसऱ्या दासाने धन्याचे द्रव्य चोरले नाही, उधळलेही नाही. ते जमिनीत पुरून जसेच्या तसे परत केले, आणि तेवढ्यासाठी तो दोषी ठरला. जो बाप कन्येची बुद्धी चुलीच्या राखेखाली पुरून ठेवतो, तो तिला सुखरूप सासरी पोहोचविल्याचे समाधान मानीत असेल; पण धनी हिशेब मागेल तेव्हा हे उत्तर पुरेल काय?

कोणी दारिद्र्याचे कारण सांगेल. ते कारण खोटे नाही. मी त्याच घरातून आलो. परंतु ज्या घरात मुलीच्या फीस पैसा नसतो, त्याच घरात तिच्या लग्नाच्या मांडवासाठी कर्ज निघते. आणि खरोखर एकाच लेकरास शिकविता येत असेल, तर कोणास शिकण्याची ओढ अधिक हे पाहून निवड करावी. मुलगा की मुलगी हे पाहून नव्हे. कोणी पौलाच्या पत्रातील स्त्रियांनी मंडळीत उगे राहण्याचे वचन दाखवील. त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करितात व संदेश देतात हेही वाचावे. आणि अपुल्लोसासारख्या विद्वानास प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती हे विसरू नये.

सुवार्तिक बंधूंनो, आपण घरोघरी जाता, म्हणून आपणांकडे विशेष मागणे आहे. आपल्या गावात कोणत्या मुलीने शाळा सोडली हे विचारून घ्या, आणि तिच्या आईबापांशी बोला. विवाहाची घोषणा करण्यापूर्वी मुलीस अठरा वर्षे पूर्ण झाली काय, व तिचे शिक्षण मध्येच तुटत आहे काय, हे पाहा. मृत्युपत्र न करिता वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेत 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवेचा वाटा वगळून पुत्र व कन्या यांस समान हिस्सा आहे, हे लोकांस सांगा. 2005 सालापासून हिंदू कुटुंबातील कन्येसही वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राप्रमाणे हक्क आहे. कोणी बहीण हक्कसोडपत्र करीत असेल, तर भाऊ जवळ नसताना तिचे मन विचारा. मोशेने सलाफहादाच्या कन्यांचे ऐकून घेतले. पुष्कळदा एवढ्यानेच अर्धे काम होते.

पुढच्या मार्च महिन्यात आपण पुन्हा भगिनींस शाल घालू. घालावी. परंतु घरी परतताना प्रत्येक भावाने आपल्या बहिणीस, आणि प्रत्येक बापाने आपल्या कन्येस, तुझे काही माझ्याकडे राहिले आहे काय, असे एकदा विचारावे. आणि उत्तर ऐकण्याचे धैर्य प्रभू आम्हां सर्वांस देवो. आमेन.