नामानाच्या घरातील लहान मुलगी
(२ राजे ५:१–१४)



अरामाच्या राजाचा सेनापती नामान हा मोठा शूर पुरुष. परंतु त्याच्या अंगावर कोड होते. मूळ इब्री शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात. भिंतीवरील व वस्त्रावरील चट्ट्यांसही तोच शब्द लाविला आहे. म्हणून त्याचा रोग आजचा कुष्ठरोगच होता असे कोणी ठासून सांगू नये. आपण त्याच्या घरात पाहू. तेथे इस्राएल देशातून धरून आणिलेली एक लहान मुलगी होती. तिला धन्याचे दुखणे ठाऊक होते, म्हणूनच तिने धनिणीपाशी शोमरोनातील संदेष्ट्याची गोष्ट काढिली. नामानाने आपले चट्टे घरच्यांपासून लपविले असते, तर ती पोर काय बोलली असती?

आता आपल्या मंडळीतील एखादा घरधनी घ्या. पाठीवर फिकट चट्टा आला. तेथे चिमटा काढिला तरी कळत नाही. दवाखान्यात सांगितले, कुष्ठरोग आहे. तो गोळ्यांचे पाकीट कणगीमागे दडवितो. परंतु त्या औषधाने लघवी लाल होते, कातडी काळवंडते. बायको हे पाहते, विचारावयास धजत नाही, आणि खऱ्या रोगाहून भयंकर असे काही मनात रचते. आपण प्रेमापोटी गप्प आहो असे तो म्हणतो. मला वाटते, त्यात लाजेचा वाटा अधिक असतो.

आणि हा रोग शाप नव्हे, जंतूंचा आहे. नॉर्वेचे वैद्य हॅन्सन ह्यांनी १८७३ साली तो जंतू शोधिला. बहुतेक माणसांस तो बाधत नाही. तथापि औषध न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासातील घरच्यांस धोका अधिक, आणि लक्षणे दिसावयास पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. ह्यास्तव घरातील सर्वांची तपासणी झाली पाहिजे. निरोगी असतील त्यांस प्रतिबंधाकरिता रिफॅम्पिसिनची एकच मात्रा देता येते. बापाने तोंड उघडल्यावाचून हे कसे व्हावे?

बाजाराला जाता जाता सांगू नये. भांडणात तर नव्हेच. जेवणखाण आटोपल्यावर पत्नीस जवळ बसवावे, रोगाचे नाव स्पष्ट घ्यावे, आणि लागलीच सांगावे की, सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने हा बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, व त्या सुरू झाल्यावर संसर्गाचे भय लवकरच जाते. वेगळे ताट नको, वेगळी खाट नको. ती रडेल, रडू द्यावे. "अहो, मला आधी का नाही सांगितलंत?" असे ती विचारील. उत्तर नसले तर तसे कबूल करावे. पूर्वी ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यातही हा रोग घटस्फोटाचे कारण होता; २०१९ साली ते कारण काढून टाकिले, हेही दोघांस ठाऊक असावे.

उपदेशक बंधूंनो, रोग्याने तुमच्या कानी घातलेली गोष्ट त्याच्या अनुमतीवाचून रविवारच्या प्रार्थनेत उच्चारू नका. प्रार्थनेच्या निमित्ताने गावभर झालेल्या बातम्या आपण पुष्कळ ऐकिल्या आहेत.

नामान रागावून परत निघाला तेव्हा त्याच्या चाकरांनीच त्याची समजूत घातली. त्यांनाही सारे ठाऊक होते. बारा महिन्यांच्या गोळ्यांत चौथ्यापाचव्या महिन्यात, बरे वाटू लागले की, माणूस कंटाळतो. त्या वेळी चुलीपाशी बसलेल्या मुलीने "बाबा, आजची गोळी घेतली का?" असे विचारावे, तर पाकीट कोठे आहे हे तिला माहीत असले पाहिजे.