आवळलेला स्क्रू

बिघडलेलं यंत्र आमच्या घरात सहसा टाकून देत नाहीत. वडिलांची ती खोड, मला लागली. तीन वर्षं गोठ्यात पेंडीच्या पोत्यांमागं पडलेलं झाडं कापायचं मशीन गेल्या उन्हाळ्यात मी बाहेर काढलं ते त्यापायीच. वळवाच्या वाऱ्यानं बांधावरची बाभळ आडवी झालेली. नवं मशीन घ्यायचं तर नऊ-दहा हजार, आणि कांद्यानं त्या साली काय दिलं ते न बोललेलंच बरं. म्हटलं, हजार-दीड हजारात उभं राहतंय का बघू.

ते बंद कसं पडलं हे आधी सांगायला हवं. आमच्याकडं कामाला येणारा एक गडी ते चालवायचा. त्याचं इंजिन दोन स्ट्रोकचं, जुन्या लूना-राजदूतसारखं. इंजिनाच्या वंगणाला वेगळी टाकी नाही. दुसरी टाकी दिसते ती साखळीच्या तेलाची. लिटरभर पेट्रोलात चाळीस मिली ऑइल मिसळायचं, तेच इंजिनाचं वंगण. एका दुपारी मशीन जाम झालं. दोरी ओढली तर हलेना. मी रानात गेलो आणि बघायच्या आधीच म्हणालो, "ऑइल घातलं नाहीस."

"घातलं हुतं अण्णा. सकाळधरनं लई गरम मारतंय, म्या म्हणलं पण हुतं तुम्हास्नी."

मी ऐकून घेतलं नाही. चार माणसांत बोललो आणि त्याच्या हजेरीतनं चोवीसशे रुपये कापले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून तोंड दाखवत नाही.

औंधातला एक मिस्त्री जुनी इंजिनं हौसेनं उघडतो. त्यानं हातोडी-पान्हा घ्यायच्या आधी कार्बोरेटरचा स्क्रू बारक्या पेचकसानं हळूच बंद केला आणि आटे मोजले. "अण्णा, ह्यो अर्धा आटासुदीक उघडा न्हवता. सव्वा तरी पायजे. कुणी आवळला?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

मीच आवळला होता. पेट्रोल शंभरीपार गेलेलं, कुणीतरी सांगितलं की स्क्रू आवळला की कमी पितंय. आदल्याच आठवड्यात मी ते शहाणपण केलं होतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, कारण ऑइल येतं ते पेट्रोलातनंच. वर जळणात हवा जास्त, त्यामुळं उष्णता वाढते. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो.

मिस्त्रीनं सिलिंडर वर उचललं. पिस्टनची सायलेन्सरकडची बाजू ओरबाडलेली, आणि खाली क्रँकच्या बेअरिंगवर अजून तेलाचा ओलसर थर. कोरडं पेट्रोल चालवलं असतं तर हे बेअरिंग असं राहिलं नसतं, असं तो म्हणाला. मी बाहेर जाऊन चहा सांगून आलो.

पुढं त्यानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं. नवा सिलिंडर आणायच्या ऐवजी त्यानं संडास धुवायचं ॲसिड काडीच्या कापसावर घेऊन फक्त त्या डागांवर लावलं. फेस यायचा, पुसायचा, परत लावायचा. भोकांच्या कडेला थेंब जाऊ देईना, तिथं उघडं ॲल्युमिनियम असतं, ते खाऊन टाकतं. तासाभरानं खालचा कडक मुलामा शाबूत निघाला. मग पाण्यानं धुऊन बारीक पॉलिश कागद फिरवला. पिस्टन-रिंग नवी, ऑइल सील नवं, कार्बोरेटरचा पडदा नवा. जोर वाढावा म्हणून सिलिंडरखालचं गॅस्केट काढून बघितलं. प्लगच्या भोकातनं सोल्डरची तार घालून चक्र फिरवलं आणि चेपलेली तार मोजली. अर्धा मिलिमीटर जागा उरत होती. चालेल म्हणाला. सायलेन्सरचं तोंडही थोडं मोठं केलं, आणि त्याबरोबर स्क्रू सैल सोडला. "श्वास वाढवला की जेवण वाढवाय लागतंय," हे त्याचं बोलणं. सगळं मिळून तेराशे साठ रुपये. मशीन पहिल्यापेक्षा ताकदीनं चालू लागलं.

बाभळ दोन दिवसांत तुटली. पण माझं डोकं चोवीसशे रुपयांत अडकलं.

तीन वर्षांनी, कुणी मागत नसताना, ते परत द्यायचे का? मनानं पळवाटा काढल्या. मिस्त्रीच चुकला असेल. गरम झालेलं कळत होतं तर त्यानं मशीन बंद का नाही केलं? पण बंद केलं असतं तर मीच कामचुकार म्हणालो असतो. मग वाटलं, दिवाळीला जाऊन पोरांना कपडे म्हणून देऊ, विषय न काढता. ही पळवाट मला फार आवडली होती. बऱ्याच दिवसांनी कळलं का आवडली ते. त्यात त्याचे पैसे मी दान म्हणून दिले असते, आणि वर तो माझ्या पाया पडला असता.

आमच्या औंध संस्थानानं 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी, पण भोवती भिंत नाही. बायका-पोरांसह राहायचं, शेती करायची. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना, आणि राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. शांतारामबापूंचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला. हे मी पाव्हण्या-रावळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगत आलो आहे. राजानं खुन्यावर आधी विश्वास टाकला, मग त्याची परीक्षा घेतली. मी बारा वर्षं माझ्या रानात राबलेल्या माणसावर सेकंडहँड मशीनपायी अर्धी घटका विश्वास टाकला नाही. आणि मिस्त्रीसमोर 'कुणास ठाऊक' म्हणालो ते वेगळंच.

पौषातल्या यमाईच्या यात्रेआधी मी त्याच्या वस्तीवर गेलो. तो आता वीटभट्टीवर जातो. बाज टाकली, पाणी दिलं. मी सांगितलं की स्क्रू मी आवळला होता, तुझं खरं होतं, हे तुझे चोवीसशे. त्याची बायको दारात उभी होती, तिच्यासमोरच सांगितलं, कारण तेव्हाही चार माणसांसमोर बोललो होतो.

तो काही बोलला नाही. नोटा घेतल्या, थुंकी न लावता सावकाश मोजल्या. बरोबर आहेत म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "अण्णा, त्या आठवड्याची दोन दिसाची हजेरी बी ऱ्हायलीया. चारशेनं आठशे."

खिशात तेवढे नव्हते. मी गाडी काढली आणि घराकडं आणायला गेलो.