खेळाचे मोल

व्हाइटफील्डला बदलीने येऊन आम्हांस दोन वर्षे झाली. संध्याकाळी चिरंजीव संगणकापुढे बसतो आणि देशोदेशींच्या सवंगड्यांसह एका कल्पित राज्यात योद्धा होऊन वावरतो. परवा त्याने विचारले, “बाबा, शंभर रुपये दिले तर पुढची पायरी आजच मिळते. देऊ का?”

अशा खेळांचे मोल घेण्याच्या रीती मुख्यतः दोन. २००४ साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने मासिक वर्गणी ठेवली, नाट्यगृहाच्या तिकिटासारखा हा उघड व्यवहार. दुसऱ्या रीतीत दार फुकट उघडते, दुकान आत असते. रिकाम्या खिशालाही तेथे प्रवेश मिळतो, हा तिचा गुण नाकारता येणार नाही. परंतु ज्याची मिळकत खेळणाऱ्याच्या उतावीळपणावर, त्याला वाट मुद्दाम लांबवून ती आखूड करण्याचे दाम मागण्याचा मोह होतो. खेळ सोडून का देत नाही, असे कोणी म्हणेल. पण सवंगडी तर आतच असतात!

कचेरीत आयुष्य काढलेल्या आपणांस हा भेद नवा नाही. नियमाने घेतलेली फी निराळी. कागद अडवून तो सोडविण्यासाठी घेतलेले पैसे निराळे. रक्कम एकच असली तरी दुसऱ्या व्यवहारात अडचण आणि उपाय एकाच हातचे असतात.

भारताच्या २०२५ च्या कायद्याने धनप्राप्तीच्या आशेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. पण विकत घेतलेला धीर कोणता कायदा मोजणार? ते मोजमाप घरातच करावे लागते.

मी चिरंजीवास म्हटले, “वर्गणी मागतील तर देऊ. वाट अडवून मागतील, तर तू आपला चालत जा.”