परागंदा पूर्वजांचा वाटा

गेल्या पितृपंधरवड्यांत आम्ही निफाडास आमच्या जुन्या घरीं होतों. त्याच सुमारास मॉरिशसहून एक तरुण मराठी गृहस्थ गांवांत आले. घरीं आजीकडून ऐकलेली त्यांची मराठी थोडी अडखळत होती, परंतु गोड होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवलेल्या जुन्या दप्तरांतील एका नोंदीची नक्कल त्यांच्यापाशीं होती. तींत त्यांच्या खापरपणजोबांचें नांव, बापाचें नांव, वय, उंची व कपाळावरील व्रणाची खूण इतकें होतें. आडनांव मात्र नव्हतें. गांवाच्या रकान्यांत कारकुनानें इंग्रजींत जें कांहीं खरडलें होतें, तें ‘निफाड’ असेंही वाचतां येई आणि ‘निपाणी’ असेंही.

गांवानें पाहुण्याचें स्वागत चांगलें केलें. परंतु दुसऱ्या दिवशीं पारावर एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस बाजूस घेऊन हळूच विचारलें, “सर, हा जमिनींत वाटा मागायला तर आला नाहीं ना?” आम्हांस हसूं आलें. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर वाटूं लागलें कीं, प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाहीं. कैक पिढ्यांपूर्वीं परागंदा झालेल्या माणसाचा वंशज दारीं येऊन उभा राहतो, तेव्हां तो आपणांपाशीं काय मागत असतो? आणि तें देणें आपण लागतों काय?

१८३५ सालीं मॉरिशसमधील गुलामगिरी उठली, आणि उंसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजुरांची गरज भासूं लागली. १८३४ पासून पुढील सुमारें पाऊण शतकांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरांतून गेलेल्या मराठी मंडळींत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूंचे लोक पुष्कळ होते. आरंभींचा करार पांच वर्षांचा, व पगार महिना पांच रुपये असे. पोर्ट लुई बंदरांतील ज्या घाटाच्या पायऱ्या हे लोक चढले, त्या आप्रवासी घाटाला २००६ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. चढणाऱ्यांना मात्र तेथें मिळाला तो एक नंबर.

ह्या विषयाचें आमच्या गांवाशीं एक नातें आहे. १८४२ सालीं निफाडांत जन्मलेल्या न्यायमूर्ति रानड्यांनीं हिंदी लोकांच्या परदेशगमनावर १८९३ सालीं एक निबंध लिहिला. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी कमी व्हावी, गरिबांना चार पैसे गांठीं बांधतां यावे, ह्या दृष्टीनें त्यांना परदेशगमन हितावह वाटलें. त्यांचेच शिष्य गोखले ह्यांनीं १९१२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत ही करारबद्ध मजुरीची पद्धतच बंद करावी असा ठराव मांडला. तो त्या वेळीं फेटाळला गेला. पण पुढें १९१७ सालीं मजूरभरती थांबली. गुरूनें उपाशी पोटाचा विचार केला, शिष्यानें माणसाच्या प्रतिष्ठेचा. दोघांचेही विचार थोर होते. परंतु दोघांपुढें होता तो समुदाय. पाहुणा शोधीत होता तें एक माणूस.

असा शोध हा निव्वळ कुलाभिमान होय, असें कोणी म्हणेल. तो तसा असूं शकतो. पण प्रत्येकाला आईबाप दोन, आजे-आज्या चार, ह्या हिशेबानें दहाव्या पिढीस एक हजार चोवीस पूर्वज होतात. त्यांतून एखादा सरदार निवडून त्याच्याच नांवानें मिशीवर ताव देणें हा शोध नव्हे; ती निवडणूक होय. ज्याच्या हातीं कर्जबाजारी, पळपुटा किंवा घरच्यांनीं हाकलून दिलेला पूर्वज लागला, आणि ज्यानें त्यालाही आपला म्हटलें, त्यानेंच खरा शोध केला.

आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडून मोठा दुष्काळ पडला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेलीं. पुढें १९२२ च्या यादवींत डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना जळाला व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील खानेसुमारीचे बहुतेक कागद राख झाले. म्हणून तेथील वंशजांना आपले पूर्वज पुष्कळदां परदेशच्या जहाजांच्या याद्यांत आणि थडग्यांवर शोधावे लागतात.

आमच्याकडे आग लागावी लागली नाहीं. नाशिकास तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. पण त्यांत नांव पडतें तें तीर्थास येणाऱ्याचें, किंवा ज्याची आठवण काढणारा कोणी तीर्थास येतो त्याचें. समुद्रापलीकडे गेलेल्याची आठवण कोणी सांगितली नाहीं, कीं त्याची फांदी तेथेंच खुंटते. उलट पलीकडच्या दप्तरांत त्याची उंची आणि व्रणसुद्धां नोंदलेला असतो. ती नोंद मायेची नव्हे. मजूर ओळखतां यावा, तो मळ्यावरून पळाला तर हुडकतां यावा, म्हणून ती ठेविली. त्या रजिस्टरांत बायकांचींही नांवें आहेत. आमच्या वंशावळींत त्या बहुधा नसतात. ज्यांचा तो होता त्यांनीं त्याला लिहून ठेविलें नाहीं. ज्यांना केवळ त्याचे हात हवे होते त्यांनीं लिहून ठेविलें. ह्या गोष्टीची लाज आम्हांस वाटावयास हवी.

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. चार भावांच्या घरांतून एक निघून जातो, तेव्हां त्याची भाकर उरलेल्या तिघांच्या ताटांत पडते, आणि त्याचा बांध त्यांच्या शेतांत मिसळतो. मागें राहिलेल्यांचें घर टिकलें, त्यांत जाणाऱ्याच्या जाण्याचाही भाग असतो. तेव्हां वाटा मागितला जाईल काय हा प्रश्नच चुकीचा. वाटा आधींच घेतला गेला आहे, आणि घेणारे आपण आहों. पाहुण्याला सातबाऱ्यावर नांव नको होतें. ‘तो आमचा होता, आणि आम्हीं त्याची चौकशी केली नाहीं,’ एवढा कबुलीजबाब त्याला पुरे होता. आमच्या मतें पितृऋण म्हणतात तें असें दोहों बाजूंचें आहे. गेलेल्याच्या वंशजानें शोधीत यावें, आणि राहिलेल्याच्या वंशजानें दार उघडावें.

सर्वपित्री अमावास्येस पाहुण्यांना गोदावरींत पाणी सोडावयाचें होतें, म्हणून आम्ही त्यांना सायखेड्यास घेऊन गेलों. पारावरचे वृद्ध गृहस्थही न बोलावतां बरोबर आले. उपाध्यायांनीं गोत्र विचारलें. तें पाहुण्यांना ठाऊक नव्हतें. “मग काश्यप म्हणा,” उपाध्याय म्हणाले. गोत्र विसरलेल्यांची सोय शास्त्रानें अशी करून ठेविली आहे. पाणी सोडून झाल्यावर वृद्ध गृहस्थांनीं तें नांव पुन्हां एकदां विचारून घेतलें, आणि स्वतःच्या ओंजळींतलें पाणी त्या नांवानें सोडलें.

कागदावरचें गांव निफाड कीं निपाणी, हें अद्याप ठरलेलें नाहीं. पाहुणे निपाणीसही जाणार होते. तेथल्या पारावरही त्यांना वाट्याचा प्रश्न कोणी तरी विचारीलच. आणि त्याचें उत्तर पाहुण्यांनीं नव्हे, निपाणीकरांनीं द्यावयाचें आहे.